बोलायला काही नसलेला सिनेमा

नटी गेली ती तिकडे, सातासमुद्रापलीकडे, स्वतःच्या बंगल्यात, सत्त्याण्णव वर्षांची होऊन, झोपेत. फुलं मात्र आली इकडे, नायिकाबाईंच्या दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत.

यात नवल काही नव्हतं. त्या नटीचे एकतीस सिनेमे आपल्या भाषेत आले आणि त्यांतल्या तीस सिनेमांत ती नायिकाबाईंच्या आवाजात हसली, भांडली, प्रेमात पडली आणि नवऱ्यांना सोडून गेली. नटीचा खरा आवाज इथल्या कुणी ऐकलाच नव्हता. एकदा कुणा हौशी माणसाने मूळ भाषेतला सिनेमा आणून दाखवला, तर निम्मं थिएटर कुरकुरलं की हिचा आवाज कुणीतरी बदललाय. तेव्हापासून नायिकाबाईंना आपलं खरं नाव फक्त रेशन-पाण्याच्या कागदांवर लागायचं. बाकी जगाला त्या नायिकाबाईच. औषधाच्या दुकानात त्यांनी खोकल्याची बाटली मागितली, तरी दुकानदाराला वाटायचं की आता ही ती बाटली एका घोटात रिकामी करून सोफ्यावर कोसळणार.

तर नटी गेल्याची बातमी सकाळी आली आणि दहाच्या सुमाराला जिना वाजायला लागला. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई पेशंटला तोंड उघडं ठेवून बसवून वर आल्या. मागच्या गल्लीतले निवृत्त मुख्याध्यापक आले. नायिकाबाई ऐंशीच्या होत्या, पण अशा प्रसंगी काय नेसावं, कुठे बसावं, खिडकीचा उजेड कुठल्या गालावर घ्यावा, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं.

"शेवटी त्रास नाही ना झाला?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"नाही हो, झोपेतच गेली," नायिकाबाई म्हणाल्या. आवाज असा, की रात्रभर उशाशी याच बसल्या होत्या.

त्यांचे यजमान कोपऱ्यात पेपर वाचत होते. ते पूर्वी त्याच स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायचे. आता कान गेले होते. आयुष्यभर लोकांचे आवाज ऐकून गेले, असं ते सांगायचे. लोक म्हणायचे, लोकांचे कशाला, एकीचाच. आल्यागेल्याला ते मान हलवून नमस्कार करत होते आणि फुलं बादलीत ठेवत होते. घरात एकच फुलदाणी होती.

चार वाजता वन्सं आल्या. वन्सं म्हणजे यजमानांची धाकटी बहीण. वयाने नायिकाबाईंपेक्षा चार वर्षांनी लहान, पण नणंदेचा मान नात्याने मिळतो, वयाने नाही. म्हणून थोरली भावजय धाकट्या नणंदेला 'अहो वन्सं' म्हणायची आणि धाकटी तिला 'अगं वहिनी'. वन्संनी लग्न केलं नव्हतं. दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहायच्या आणि दर रविवारी चारला हजर व्हायच्या. आज बुधवार होता, तरी आल्या.

दारातच फुलांच्या बादल्या बघून त्या थबकल्या. मग आत येऊन भावजयीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"जिवंत आहेस होय," वन्सं म्हणाल्या. "जिन्यातली फुलं बघून मला वाटलं, तूच गेलीस."

"गेले असते तर तुम्हाला कळवलं असतं, वन्सं. तुम्ही घोषणा केली असतीत."

हा टोमणा जुना होता. वन्संनी तेहतीस वर्षं रेल्वे स्टेशनवर घोषणा केल्या होत्या. अमुक गाडी तमुक फलाटावर येत आहे, प्रवाशांनी रुळांपासून दूर उभं राहावं. त्यांचा आवाज साधा, सरळ, पट्टीने रेघ मारावी तसा. नायिकाबाई म्हणायच्या, वन्संनी कुणाला लग्नाला होकार दिला असता, तर तो बिचारा बॅगा उचलून उभा राहिला असता. वन्संही काही कमी नव्हत्या. त्या म्हणायच्या, माझ्या बोलण्यावर रोज हजारो माणसं योग्य गाडीत बसली. तुझ्या बोलण्यावर किती जणांचे संसार मोडले त्याचा हिशेब कुणी ठेवलाय?

पन्नास वर्षं दोघींची अशी चकमक चालू होती. दोघी तासून घेतलेल्या पेन्सिलींसारख्या होत्या. फक्त एका गोष्टीबद्दल दोघींपैकी कुणीच कधी चकार शब्द काढला नव्हता. ती म्हणजे एकतिसावा सिनेमा.

शुक्रवारी टीव्हीवाली आली. तिशीतली, चष्मा केसांत खोवलेला, बोलताना दर वाक्यात एकदा फोन बघणारी. टीव्हीवर नटीला आदरांजली म्हणून तीन सिनेमे दाखवायचे होते. कुठले तीन, हा प्रश्नच नव्हता. मरण्याआधी चार महिने नटीने एक शेवटची मुलाखत देऊन ठेवली होती आणि तीत स्वतःचे सर्वांत आवडते तीन सिनेमे सांगितले होते.

"तुम्ही प्रत्येक सिनेमाच्या आधी दोन-तीन मिनिटं बोला," टीव्हीवाली म्हणाली. "तुमच्याशिवाय दुसरं कोण बोलणार?"

"खरंच आहे," नायिकाबाई म्हणाल्या. नम्रतेचं सोंग त्यांना कधी जमलं नाही. "तिसरा कुठला?"

"टोप्यांच्या दुकानाचा."

नायिकाबाईंनी डोळे मिटले. त्या सिनेमात नटी एका दमात पन्नास टोप्यांची नावं घेते. नायिकाबाईंनी ती एका दमात घेतली होती आणि शेवटच्या टोपीला स्टुडिओतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. "आणि दुसरा?"

"वकीलबाईंचा."

"वाटलंच. कोर्टातलं भाषण. सात मिनिटं." नायिकाबाई सरसावून बसल्या. आता पहिला कुठला? त्यांच्या मनात चार नावं होती आणि चारही बडबडीची. "आणि पहिला?"

टीव्हीवालीने फोनवर बोट फिरवलं. "इस्त्रीवालीचा."

कोपऱ्यातला पेपर किंचित खाली आला. बहिऱ्या माणसाला नको ते बरोबर ऐकू येतं.

"तो?" नायिकाबाई म्हणाल्या. "तो तर आठवड्यात उतरला होता."

"हो ना. पण मुलाखतीत बघा काय म्हणालीये ती." टीव्हीवालीने वाचून दाखवलं, "'आयुष्यभर मला सगळ्यांनी बोलायला लावलं. मी इतकं भराभर बोलले की काय करते आहे हे कुणी बघितलंच नाही. त्या एका सिनेमात मला गप्प बसू दिलं. मी फक्त तिथेच नटी होते.'"

नायिकाबाईंना कुणीतरी भर सभेत नाव घेऊन थोबाडीत मारल्यासारखं झालं. एकतीस सिनेमांत त्यांनी नाकारलेला सिनेमा एकच होता, आणि तो हा.

त्याची गोष्ट अशी. डबिंगच्या धंद्यात माणसाची किंमत ओळींवर ठरायची. कुणाच्या वाट्याला किती पानं आली, यावर कुणाला खुर्ची मिळणार आणि कुणाला बाकावर बसावं लागणार, हे ठरे. इस्त्रीवालीच्या सिनेमाचे कागद आले तेव्हा सत्तावीस वर्षांच्या नायिकाबाईंनी ते दोन बोटांत धरले. अख्ख्या सिनेमात नटीला तेवीस ओळी. त्यातल्याही सात 'हं'. बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डबिंगच्या दिग्दर्शकाला सांगितलं, यात बोलायला आहे काय? हे आमच्या वन्संना द्या. वन्सं तेव्हा स्टुडिओत गर्दीत ओरडायच्या, लहान मुलांचं रडायच्या, दाराआडून 'कोण आहे?' म्हणायच्या. पान वाढताना उरलंसुरलं सरकवावं, तसा तो सिनेमा नायिकाबाईंनी नणंदेकडे सरकवला. वन्संनी तो केला. नायिकाबाई बघायला गेल्या नाहीत. आणि त्यानंतर वन्संना एकही नायिका मिळाली नाही. वर्षभरात त्या स्टेशनवर लागल्या.

"एक छोटीशी अडचण आहे," टीव्हीवाली सांगत होती. "त्या सिनेमाचं शेवटचं रीळ ओलीने गेलंय. चित्र मूळ प्रतीतून मिळतंय, पण आपला आवाज पार गेलाय. नटीच्या फक्त चार ओळी आहेत. सिनेमात तोवर वीस वर्षं उलटून गेलेली असतात, बाई म्हातारी झालेली असते, त्यामुळे आत्ताचा आवाजही चालेल. तुम्ही एका दुपारी परत करून द्याल ना?"

इथे सांगायला हवं होतं की बाई गं, तो आवाज माझा नव्हेच. टीव्हीवालीकडे नावांच्या पाट्या तयार होत्या आणि तिन्ही सिनेमांवर आवाजाच्या जागी नायिकाबाईंचंच नाव होतं. जुन्या पाटीवर आवाज देणाऱ्यांची नावं घालायची पद्धत नव्हती, आणि त्रेपन्न वर्षांपूर्वीचं कोण सांगणार? दिग्दर्शक जाऊन जमाना झाला होता. नटीच्या सर्वांत आवडत्या सिनेमातच आपण नाही, हे जगाला कळायलाच हवं असं कुठे आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची.

"देईन की," नायिकाबाई म्हणाल्या.

कोपऱ्यातला पेपर पुन्हा वर गेला.

स्टुडिओ आता ओळखू येत नव्हता. पूर्वी फिल्मचा छोटा तुकडा टोकाला टोक जोडून यंत्रावर चढवायचे. तो गरगर फिरत राहायचा, नटीचे तेच ओठ पुन्हा पुन्हा हलायचे आणि ओठांत शब्द चपखल बसेपर्यंत बोलत राहायचं. आता सगळं एका पडद्यावर होतं आणि यंत्रामागे एक दाढीवाला बसला होता. तो शेंगा खाव्यात तसे आवाज निवडत होता.

नटी हॉटेलच्या तळघरात कपडे इस्त्री करते. तिचा नवरा वीस वर्षांपूर्वी दोन महिन्यांत येतो असं सांगून कामाला गेलेला, तो आलेलाच नाही. शेवटच्या रिळात तो हॉटेलात पाहुणा म्हणून उतरलेला असतो आणि आपला शर्ट न्यायला स्वतः खाली तळघरात येतो. तिला ओळखत नाही. ती शर्ट त्याच्या हातात देते आणि म्हणते, "बटण लावलंय."

नायिकाबाईंनी माईकसमोर उभं राहून घसा साफ केला. पडद्यावर म्हाताऱ्या झालेल्या नटीने शर्ट पुढे केला.

"बटण लावलंय!"

"वा," दाढीवाला म्हणाला. मग जरा वेळाने म्हणाला, "अजून एकदा घेऊ या?"

अजून एकदा घेतलं. अजून नऊ वेळा घेतलं. एकदा त्या बटणात विरह आला. एकदा सूड आला. एकदा असं वाटलं, की बटण लावून झाल्यावर ही आता गोळी झाडणार. ओठ दर वेळी बिनचूक जुळत होते. एका चुलीवरचं भांडं दुसरीवर चढवल्यासारखं बाकी काहीच जुळत नव्हतं.

"तुम्हाला हवं तर आधीचं रीळ ऐकवतो," दाढीवाला म्हणाला. "म्हणजे तुम्ही तेव्हा कसं केलं होतं ते आठवेल."

नाही म्हणायला कारण नव्हतं. नायिकाबाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा इस्त्रीवालीचा सिनेमा बघितला.

चौथ्या रिळात नटी एकटीच आहे. पाहुण्यांच्या कपड्यांच्या ढिगातून ती एक शर्ट उचलते. डाव्या मनगटावरचं बटण तुटलेलं आहे. तिच्या नवऱ्याला ते बटण पिरगळत बसायची खोड होती, तो सगळ्या शर्टांची तेवढी एकच बटणं तोडायचा. ती शर्ट बघते. खोलीच्या नंबराची चिठ्ठी बघते. मग सुई-दोरा घेते, बटण लावते, शर्ट ओला करते आणि इस्त्री करायला लागते. साडेचार मिनिटं. एक शब्द नाही.

शब्द नाही, पण आवाज होता. मूळ सिनेमातून आपल्याकडे फक्त वाद्यं आणि इस्त्रीची खडखड यायची, माणसाचं सगळं आपल्यालाच भरावं लागायचं. श्वाससुद्धा. नायिकाबाईंनी आपल्या तीस सिनेमांत श्वास कधी भरले नव्हते. दोन ओळींच्या मध्ये जागा सापडली की त्या तिथे एक 'अय्या' घालायच्या. इथे तेवीस वर्षांच्या वन्संनी साडेचार मिनिटं नुसता श्वास घेतला होता. चिठ्ठी वाचताना तो थांबला. सुईत दोरा ओवताना बारीक झाला. आणि कॉलरवरून इस्त्री फिरली तेव्हा तो अर्ध्यावर अडकला, आणि मग अगदी हळू सुटला. नटीचं तोंड मिटलेलं होतं. तरी कळत होतं की ती बाई आत्ता वीस वर्षांनी नवऱ्याच्या मानेला हात लावते आहे.

नायिकाबाईंना हेवा वाटला. लाज मागाहून वाटली, आधी हेवाच वाटला, आणि तो इतका जोरात वाटला की खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरला. मग लाज वाटली.

"काय केलंय हो तुम्ही," दाढीवाला म्हणाला.

"मी काहीच केलं नाही," नायिकाबाई म्हणाल्या. तो विनय समजून हसला. नायिकाबाईंनी पर्स उचलली आणि घसा बसल्याचं सांगून घरी आल्या.

यजमान चहा करत होते. नायिकाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"अहो, इस्त्रीवालीचा सिनेमा तुम्हीच रेकॉर्ड केला होतात ना?"

त्यांना लगेच ऐकू गेलं. "हो."

"म्हणजे वन्संनी काय केलंय ते तुम्हाला माहीत होतं."

"तो श्वास ना? एका दमात दिला तिने. मी यंत्र बंद करायला विसरलो, पुढची फिल्म नुसतीच फिरत राहिली."

"मग इतक्या वर्षांत मला सांगितलं नाहीत?"

यजमानांनी चहा गाळला. "तुला ऐकायला वेळ होता कधी?" ते म्हणाले. हे बोलणं वाईट नव्हतं, चेष्टेतलंच होतं, नेहमीचं होतं. पण आज ते जाऊन बसलं. नायिकाबाईंनी चहा घेतला नाही. त्या तशाच पायात चपला सरकवून जिना उतरल्या.

वन्संची खोली म्हणजे एक खाट, एक टेबल, एक रेडिओ आणि भिंतीवर जुनं गाड्यांचं वेळापत्रक. त्यातल्या निम्म्या गाड्या बंद झाल्या होत्या. वन्सं खाटेवर बसून पायमोजा रफू करत होत्या.

"आज रविवार नाही," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे." नायिकाबाई खुर्चीवर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. नटीची यादी, पहिला नंबर, गेलेलं रीळ, आपण 'देईन की' म्हणालो ते, अकरा वेळा लावलेलं बटण. सांगताना कुठे चढावं, कुठे उतरावं हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं, त्यामुळे खरं बोलत असूनही ते नाटकातलं वाटत होतं आणि त्यांना स्वतःलाच त्याचा राग येत होता. "तर ते रीळ तुम्ही करायचं, वन्सं. तो सिनेमा तुमचा आहे."

वन्संनी दोरा तोडला. "मी कशाला? तूच कर. कुणाला कळतंय? आणि लोकांना तुझाच आवाज हवाय. माझ्या आवाजाला लोक सामान गोळा करतात."

"वन्सं, चेष्टा नको."

"चेष्टा तुझीच आहे ती. मी नुसती वापरली."

आता त्या एका गोष्टीवर यावंच लागणार होतं. नायिकाबाईंनी खुर्ची खाटेजवळ ओढली.

"तो सिनेमा झाल्यावर दिग्दर्शकाने मला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणाला, तुझ्या नणंदेला पुढच्या सिनेमात मोठं काम देऊ का? मी म्हटलं, त्यांचा आवाज स्टेशनवर शोभेल. सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं विनोद झाला. त्याच्या मेव्हण्याची रेल्वेत ओळख होती, त्याने खरंच तुमचं नाव दिलं. मला भीती वाटली होती, वन्सं. तुम्ही काय केलंय ते मी बघितलं नव्हतं, पण तो ज्या तोंडाने विचारत होता ते बघितलं होतं."

वन्सं दुसरा पायमोजा शोधत होत्या. तो त्यांच्या मांडीवरच होता.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"हेच. दिग्दर्शकांनीच मला सांगितलं, नोकरीचा कागद देताना. तुझ्या वहिनीने सुचवलं म्हणून. त्यांना वाटलं, तू माझं भलं केलंस."

"मग तुम्ही पन्नास वर्षं माझ्याकडे दर रविवारी बिस्किटं खायला येताय?"

"भाऊ आहे माझा तिथे," वन्सं म्हणाल्या. सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "पहिली दोन वर्षं फार राग होता. मग स्टेशन आवडायला लागलं. राग धरून ठेवायलासुद्धा सवड लागते, वहिनी, आणि गाड्या दर सहा मिनिटांनी होत्या."

"मला बोलायचं होतंत, वन्सं. भांडायचं होतंत."

"बोलले असते तर तू रडली असतीस. आणि तुझं रडणं मला खरं वाटत नाही. तीस सिनेमे ऐकलेत मी तुझे, सगळी रडणी पाठ आहेत."

नायिकाबाईंना यावर एक चांगलं उत्तर सुचत होतं, पण ते बाहेर आलं नाही. त्याऐवजी नाकातून एक विचित्र, घाणेरडा आवाज आला, चाळणीत पाणी ओतल्यासारखा. मग दुसरा आला. त्यांनी पदर तोंडावर घेतला. ना त्याला चढ होता ना उतार.

वन्सं पायमोजा बाजूला ठेवून ऐकत राहिल्या.

"हे नवीन आहे," त्या शेवटी म्हणाल्या. आणि उठून पाणी आणलं. नायिकाबाईंचं पाणी पिऊन होईपर्यंत त्या त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. एवढ्या वर्षांत त्यांनी भावजयीला टोमण्याशिवाय दुसऱ्या कशाने हात लावल्याचं कुणाला आठवत नाही.

"करेन मी रीळ," वन्सं म्हणाल्या. "पण सिनेमाच्या आधी टीव्हीवर बोलायचं ते तू बोलायचंस. मला ते जमत नाही. आणि खरं तेवढंच सांगायचंस. एका मिनिटाच्या आत."

"एका मिनिटात काय सांगणार?"

"मी अख्ख्या देशाच्या गाड्या अर्ध्या मिनिटात सांगायचे."

सोमवारी वन्सं स्टुडिओत गेल्या. माईकसमोर उभं राहण्याआधी त्यांनी घसाही साफ केला नाही. दाढीवाल्याने एकदाच रीळ फिरवलं, एकदाच चारही ओळी घेतल्या आणि 'अजून एकदा' म्हणालाच नाही. नायिकाबाई काचेच्या अलीकडे यजमानांशेजारी बसल्या होत्या. यजमानांनी कानाला यंत्र लावलं होतं. सणासुदीला किंवा लग्नालाही ते यंत्र लावत नसत.

टीव्हीवालीची मात्र पंचाईत झाली. तिने पाटी बदलली, पण तिला नायिकाबाईंचं बोलणं मोठं हवं होतं. नायिकाबाईंनी तीन पानं लिहून आणली होती. दिवे लागले, कॅमेरा सुरू झाला, आणि त्यांनी पानं मांडीवर पालथी ठेवली.

"हा सिनेमा तिचा सर्वांत आवडता," त्या म्हणाल्या. "तो आधी माझ्याकडे आला होता. मी म्हटलं, यात बोलायला काही नाही, आणि परत केला. यातला आवाज माझ्या नणंदेचा आहे. पुढे तिला कामं मिळाली नाहीत, ती माझ्यामुळे. ते मला आज सांगायचं होतं."

"अजून दोन मिनिटं आहेत," टीव्हीवाली कॅमेऱ्यामागून कुजबुजली.

"असू देत," नायिकाबाई म्हणाल्या.

शनिवारी संध्याकाळी सिनेमा लागला. नायिकाबाईंच्या घरी तिघं सोफ्यावर दाटीवाटीने बसले होते. नायिकाबाईंना सिनेमा बघताना बोलायची सवय होती. कोण आता काय म्हणणार, कुणाचे ओठ कुठे चुकले, कुणाचं लग्न कुणाशी झालं, सगळं त्या पडद्याआधी सांगून टाकायच्या. म्हणून वन्सं मुद्दाम त्यांच्यापासून लांब, भावाच्या पलीकडे बसल्या होत्या.

पहिलं रीळ गेलं, दुसरं गेलं. तळघर, वाफ, कपड्यांचे ढीग. शर्ट आला, बटण लागलं, इस्त्री फिरली. शेवटी तो माणूस जिना उतरून खाली आला, आणि शहात्तर वर्षांच्या वन्सं पडद्यावरून म्हणाल्या, "बटण लावलंय." सपाट. पट्टीने रेघ मारावी तसं. त्या माणसाने शर्ट घेतला, मान हलवली, तो गेला. नटीने ढिगातला पुढचा शर्ट उचलला.

यजमान डोळे पुसत होते आणि चष्मा पुसत असल्याचं दाखवत होते. वन्सं त्यांच्या पाठीमागून वाकल्या आणि भावजयीकडे बघितलं. दीड तासात तिकडून हूं की चूं नव्हतं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "झोपलीस का?"

नायिकाबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. नटी इस्त्री करत होती, आणि अजून बराच वेळ करणार होती.

"नाही," त्या अगदी हळू म्हणाल्या. "ऐकतेय."